चारशे पंचावन्नावा दिवस

कासारवाडी,
दि. ३ ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास,
साहेबरावचा सप्रेम जय भीम, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. नेहाच्या मोबाइलवर बोलायला का येत नाहीस, म्हणून रागावलीस. अक्का, बत्तीस वर्षं प्रेस शॉपमध्ये पत्रे ठोकणाऱ्या मशिनांपाशी काढल्यावर माणसाच्या कानात दुसरं काही शिरत नाही. तू फोनवर बोलतेस ते मला नुसतं धपधप ऐकू येतं आणि मी हो हो करत राहतो. मागच्या खेपेला तू गुडघा सुजल्याचं सांगत होतीस आणि मी फार छान झालं असं म्हणालो, हे नेहाने मला नंतर सांगितलं. त्यापेक्षा आपला कागद बरा.

काल विहारात जाऊन आलो. नेहाने खीर केली होती, तिची आई करायची तशी जमली नाही, पण मी दोन वाट्या खाल्ल्या. परवा कंपनीत खंडेनवमी होती. मशिनं धुतली, झेंडूच्या माळा घातल्या. फोरमन हिंदुराव पूजा करतो आणि मी बाजूला उभा राहून पेढा खातो, अशी आमची वीस वर्षांची वाटणी आहे. फोटोसाठी सगळ्यांनी हेल्मेटं काढली. हिंदुरावने नारळ फोडला तर एक भकल उडून प्रेसखाली गेलं. मीच जवळ होतो. वाकून ते काढलं आणि उठताना साचे ठेवायच्या रॅकचा लोखंडी कोपरा टाळूत बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. रक्त नाही आलं, लिंबाएवढं टेंगूळ तेवढं आलं. पूजा त्यांची, नारळ त्यांचा, डोकं माझं. आहे की नाही गंमत.

फर्स्ट एडला गेलो नाही. आमच्या गेटवर बोर्ड आहे, अपघाताविना किती दिवस गेले त्याचा. परवा त्यावर ४५५ होते. १५ नोव्हेंबरला पाचशे होतील, तेव्हा आमच्या शॉपच्या बासष्ट जणांना एकेक मिक्सर आणि मोठ्या साहेबांच्या हातून ढाल मिळणार आहे. त्यात रोज सकाळी सुरक्षेची शपथ सगळ्यांकडून मी म्हणवून घेतो. आता मीच टेंगूळ घेऊन गेलो तर बोर्ड शून्यावर येणार. हिंदुराव म्हणाला, मशीन बंद, काम बंद, पूजा चालू, मग हा अपघात कसला, हा तर प्रसाद. मला ते पटलं. त्याने बर्फ लावला आणि विषय मिटला.

नेहाला सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस. तुला हसायला म्हणून लिहिलं. गुडघ्याला तेल चोळत जा.

तुझा ओरडा खायला केव्हाही तयार,
साहेबराव

•

उदगीर,
दि. ९ ऑक्टोबर २०२५

चि. साहेबरावास,
अक्काचा जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

हसायला म्हणून लिहिलंस, पण मला काही हसू आलं नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुझा कान धरावा वाटला.

सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात मी एकतीस वर्षं आया होते. किती डॉक्टर आले आणि बदलून गेले, मी तिथंच होते. स्ट्रेचर ढकलणाऱ्या बाईला जेवढं कळतं तेवढं मला कळतं, आणि ते थोडं नसतं. एक गवंडी आला होता, स्वतःच्या पायांनी चालत. बायको म्हणत होती, हा दोन-चार दिवसांपासून येड्यासारखा करायलाय, कुणीतरी करणी केली. लिंबू-मिरच्या उतरवून झाल्या होत्या. स्कॅन केला तर कवटी आणि मेंदू यांच्या मधे रक्त साठलेलं. महिन्याआधी दाराची चौकट लागली होती, ते घरात कुणाच्या ध्यानातसुद्धा नव्हतं. ते असंच असतं, साहेबा. लागतं त्या दिवशी काही होत नाही. आत सावकाश पाझरत राहतं, नळ भिंतीत गळावा तसं, आणि पोपडा पडतो तेव्हा सगळ्यांना कळतं.

त्यात तुझ्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्प्रिंग बसवली आहे आणि तू रक्त पातळ करायच्या गोळ्या खातोस. हिंदुरावाचं टेंगूळ आणि तुझं टेंगूळ एक नाही. डोक्याचा सीटी स्कॅन करून घे. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील, डोक्याला कुठं मार लागला का. तिथं खरं बोल. आज स्कॅन स्वच्छ निघाला तरी महिना-दोन महिने सांभाळायचं. डोकं जास्त दुखायला लागलं, झोप फार यायला लागली, चालताना पाय ओढला, बोलण्यात फरक पडला, तर परत जायचं.

हिंदुरावाला माझा जय भीम सांग आणि हेही सांग की मशीन चालू होतं का बंद, हे रक्ताला कळत नसतं. मिक्सरसाठी डोकं गहाण टाकणारा भाऊ मला नको. माझा पाटा-वरवंटा धड आहे.

स्कॅन करून आलास की चार ओळी लिही. वाट बघते.

तुझी अक्का,
चिमाबाई

•

कासारवाडी,
दि. १७ ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास,
सप्रेम जय भीम.

आया होतीस ते बरं, डॉक्टर झाली असतीस तर सगळ्या उदगीरचे स्कॅन काढले असतेस.

थट्टा सोडतो. चार दिवस डोकं दुखत होतं म्हणून दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरांनी विचारलं, कुठे पडलात का, डोक्याला मार बसला का. मी नाही म्हणालो. तू आता कपाळाला हात लावशील. पण ते डॉक्टर कंपनीच्या पॅनेलवर आहेत. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं की ती चिठ्ठी कंपनीत पोचते. त्यांनी प्रेशर मोजलं, डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या. बरं वाटतंय.

तुला वाटतं मिक्सरसाठी चाललंय. तसं नाही. आमच्या बासष्टांतले एकोणीस जण कंत्राटावर आहेत. बोर्ड शून्यावर आला की चौकशी बसते, आणि चौकशीत कायम नोकरीवाला कधी सापडत नाही. मागच्या वेळी हातगाडी कुणी वाटेत ठेवली यावरून दोघांना घरी बसवलं होतं. आता रॅक तिथे कुणी सरकवला, नारळ कुणी कुठे फोडला, हे सुरू होईल. माझ्या एका टेंगळापायी कुणाची चूल विझायला नको. पॅकिंगमधल्या शालनबाईंना तर गेल्याच महिन्यात कंत्राट वाढवून मिळालंय, एकटी बाई आहे.

म्हणून स्पष्ट लिहितो. हे तू नेहाला सांगितलंस तर आपला पत्रव्यवहार संपला. माझा स्वभाव तुला माहीत आहे. चुलत्याशी नऊ वर्षं बोललो नव्हतो, त्याच्या मयतीलाच गेलो. मला भरीला पाडू नकोस.

दिवाळीत नेहा चिवडा करणार आहे, तुला पार्सल पाठवतो.

रागावू नकोस, पण माझं ऐक,
साहेबराव

•

कासारवाडी
२७ ऑक्टोबर

ती. अक्कास, जय भीम.

दिवाळी झाली. नेहाने चिवडा केला. तिला बढती मिळाली, टीम लीडर झाली. मला झोप फार येते आता. जेवता जेवता डुलकी लागते. डावी चप्पल पायातून निसटते, तीनदा रस्त्यात मागे फिरून आणली, मोठी झाली असेल, नवी घ्यावी लागेल. शपथ वाचताना अर्धी अर्धी ओळ सुटली, सगळे हसले. हिंदुराव म्हणाला वय झालं. बोर्डावर ४८१ आहेत. नेहाने चिवडा केला. तिला बढती मिळाली, तुला लिहिलं का मी. डोकं सकाळी ठणकतं, गोळी घेतली की. मिक्सर आला की तुलाच पाठवतो, तुझा पाटा जुना झाला. नेहाने चिवडा

साहेबराव

•

उदगीर,
दि. ३१ ऑक्टोबर २०२५

चि. साहेबरावास,
अक्काचा जय भीम.

तू अट घातली होतीस. आज सकाळी दहा वाजता मी ती मोडली.

तुझं पत्र पोस्टमनने दिलं तसं उभ्या उभ्या वाचलं. चिवडा तीन वेळा लिहिलास ते राहू दे. पानाकडे बघ म्हणलं असतं तरी तुला ते दिसलं नसतं. सगळ्या ओळी पानाच्या मध्यापासून सुरू होतात. डावीकडचा अर्धा कागद कोरा. कागद वाया जातो म्हणून आयुष्यात कधी समास न सोडलेला माणूस तू. त्यात डावीच चप्पल निसटते. मी ते पान शेजारच्या विजयश्रीबाईंना दाखवलं, त्या शाळेत शिकवतात. त्यांनी विचारलं, लिहिणाऱ्याचा डोळा गेलाय का. मी म्हणाले, डोळा नाही, डोळ्याच्या मागचं जायच्या बेतात आहे.

त्यांच्याच मोबाइलवरून नेहाला फोन लावला. तिला म्हणाले, हातातलं काम टाक, बापाला उचल, जिथं स्कॅन होतो आणि डोक्याचं ऑपरेशनही होतं अशा मोठ्या दवाखान्यात ने, कंपनीच्या डॉक्टरकडे नको. आणि तुझी दोन पत्रं, नारळाचं आणि हे, दोन्हींचे फोटो तिला पाठवले. कारण मला पक्कं ठाऊक आहे, तू तिथंही मान हलवून नाही म्हणणार. तू नाही म्हण. तुझं अक्षर हो म्हणेल.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तू दवाखान्यात असशील नाहीतर रागात असशील. दोन्ही मला चालतं. पत्रव्यवहार बंद करायचा तर कर. नऊ वर्षं बोलू नकोस, पण त्यासाठी नऊ वर्षं जगावं लागेल, एवढं बघ. आपल्या आईला सहा लेकरं झाली आणि आता दोघं उरलोत. त्यातला एक मी कुठल्या बोर्डाला वाहणार नाही.

मला माफी मागायची नाही. मागायची असती तर अट मोडली नसती.

तू बोल ना बोल, मी आहेच,
अक्का

•

कासारवाडी,
दि. ८ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
नेहाचा जय भीम.

फोनवर तुला सगळं सांगायचं होतं पण रडूच यायचं, म्हणून आज बसून लिहितेय. आधी चांगलं सांगते. पप्पा परवा घरी आले. सकाळी चहात साखर कमी म्हणून ओरडले, तेव्हा मला फार बरं वाटलं.

त्या दिवशी तुझा फोन आल्यावर मी मीटिंगमधून उठले ती थेट भोसरीला, कंपनीच्या गेटवर. पप्पा यायला तयार नव्हते. रिक्षात बसल्यावर म्हणाले, आत्याचं वय झालं, तिला सगळीकडे पेशंट दिसतात. तेवढं म्हणून झोपलेसुद्धा. दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी विचारलं, महिन्या-दोन महिन्यांत डोक्याला काही लागलं होतं का. पप्पा नाही म्हणाले. मी मोबाइल मॅडमसमोर धरला. नारळ, रॅक, टेंगूळ, तारीख, सगळं पप्पांच्याच अक्षरात. मॅडमनी त्यांना दोन्ही हात पुढे धरायला आणि डोळे मिटायला सांगितलं. उजवा हात तसाच राहिला, डावा हळूहळू खाली आला. पप्पांना ते कळलंसुद्धा नाही. आत्या, मी तो हात विसरू शकत नाही.

स्कॅनमध्ये उजव्या बाजूला मेंदूवर चंद्रकोरीसारखं रक्त दिसलं, जुनं आणि नवं दोन्ही. मेंदू एका बाजूला दाबला गेला होता. मॅडम म्हणाल्या, अजून आठवडाभर गोळ्यांवर काढलं असतं तर बहुतेक बेशुद्धच आणावं लागलं असतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या थांबवल्या, त्यांचा असर उतरवायचं औषध दिलं आणि दुसऱ्या दिवशी कवटीला दोन छोटी भोकं पाडून ते रक्त काढलं. जळक्या ऑइलसारखं काळं होतं म्हणे. तिसऱ्या दिवशी पप्पांनी माझ्या वहीत नाव लिहून दाखवलं, अगदी डाव्या कडेपासून.

आता दुसरं. कंपनीतून एक अधिकारी आले होते, फळं घेऊन. हिंदुरावकाका सोबत होते, पण सगळा वेळ फरशीकडे बघत होते. अधिकाऱ्यांनी टाइप केलेला कागद आणला होता, घरी बाथरूममध्ये पाय घसरून पडलो असा. नुसती सही करायची होती. पप्पा म्हणाले, चष्मा नाही, वाचता येत नाही. चष्मा नाकावरच होता. ते कागद ठेवून गेले.

आणि आत्या, तुझं नाव काढलं की पप्पा भिंतीकडे तोंड करतात. तुझं ३१ तारखेचं पत्र मी वाचून दाखवायला गेले तर हातातून घेऊन उशीखाली घातलं. मला वाईट वाटतं. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुझ्या मायेची,
नेहा

•

उदगीर,
दि. २० नोव्हेंबर २०२५

चि. साहेबरावास,
जय भीम.

तुझं पत्र नाही, ठीक आहे. मी लिहीत राहणार, पोस्टाचा डबा तू बंद केलेला नाहीस.

नेहाकडून कळलं की पंधरा तारखेला पाचशेचा कार्यक्रम झाला, हारतुरे झाले, आणि तुझ्या वाटचा मिक्सर हिंदुराव घरी ठेवून गेला. म्हणजे बोर्डाच्या हिशेबी तुझ्या डोक्याला काहीच झालं नाही. भोकं काय हौसेनं पाडून घेतलीस.

तो बाथरूमचा कागद अजून घरात आहे, असंही ती म्हणाली. सही कर किंवा करू नकोस, मी त्यात पडणार नाही. डोकं वाचवणं माझं काम होतं, ते मी केलं. ते कुणापुढं वाकवायचं हे तुझं तू ठरव.

गोळ्या वेळेवर घे. रक्ताची गोळी परत केव्हा सुरू करायची ते डॉक्टरला विचार, मनाने सुरू करू नकोस.

उत्तराची वाट बघणारी, पण न मागणारी,
अक्का

•

कासारवाडी,
दि. १७ डिसेंबर २०२५

ती. अक्कास,
साहेबरावचा सप्रेम जय भीम, वि. वि.

उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. सहा आठवडे पाळलंसुद्धा. राग आहे, लपवत नाही. तू माझं ऐकलं नाहीस म्हणून आहे, आणि ऐकलं असतंस तर आज मी नसतो म्हणून जास्त आहे. धाकट्या भावाला एवढं उघडं हरायला आवडत नाही. तुझी चूक झाली असं म्हणायला काही सापडतं का, ते पुष्कळ शोधलं.

डॉक्टर मॅडमनी हलकं काम करायला परवानगी दिली, म्हणून परवा सोमवारी कामावर गेलो. मिक्सरचा खोका रिक्षातून नेला, न उघडलेला. बोर्डावर ५३० होते. आधी ऑफिसात गेलो, खोका टेबलावर ठेवला, बाथरूमचा कागद सही न करताच त्याच्यावर ठेवला आणि अपघाताची नोंदवही मागितली. अधिकारी गोड बोलले. अडीच महिन्यांनी नोंद होत नाही म्हणाले. चौकशी लागेल, कंत्राटवाल्यांना त्रास होईल, तुम्हालाच त्यांची काळजी होती ना, असंही म्हणाले. म्हणजे हिंदुरावापाशी बोललेलं माझंच वाक्य माझ्यापुढे ठेवलं. मी म्हणालो, नोंद होते की नाही ते नंतर बघू, आधी वही द्या. नाही दिलीत तर हेच मी कारखाना निरीक्षकाला पोस्टाने लिहीन, पत्रं लिहायची मला सवय आहे. मग वही आली.

मी लिहिलं ते तुला कळवतो. १ ऑक्टोबर, खंडेनवमी, सकाळी अकरा. हेल्मेट मी स्वतः काढलं होतं. रॅक नेहमीच्या जागी होता, कंत्राटी कामगारांपैकी कुणाचा काही संबंध नाही. डोक्याला मार लागला तो मी लपवला आणि डॉक्टरांना खोटं सांगितलं. मेंदूभोवती रक्त साठून ऑपरेशन झालं. खाली सही, तारीख, आणि आजूबाजूच्या चौघांना वाचून दाखवलं, कारण मला ऐकू कमी येत असलं तरी आवाज मोठा आहे.

शॉपमध्ये निम्मे लोक माझ्याशी बोलत नाहीत. शालनबाईंनी येऊन विचारलं, मिक्सर परत मागणार नाहीत ना, माझ्या चटण्या वाटून झाल्यात. नाही म्हणालो तेव्हा त्या बसल्या आणि सांगायला लागल्या की ऑगस्टमध्ये वरच्या फळीवरचा क्रेट त्यांच्या डोक्यावर पडला होता. त्यांनी पदर घेऊन दहा दिवस काढले. त्यांना आता काही त्रास नाही, तरी मी त्यांना दवाखान्यात दाखवायला सांगितलं आहे. कामाला बोलावणार नाहीत या भीतीने बाई बोलली नव्हती, आणि रोज सकाळी माझ्यामागे शपथ म्हणत होती. अक्का, मला माझीच लाज वाटली. काल सकाळी शपथेत मी एक ओळ माझी घातली, की डोक्याला लागलं तर त्याच दिवशी सांगीन. कुणी मागे म्हटली, कुणी नाही.

सोमवारी बोर्डावर शून्य लावायला कुणी पुढे येईना. मी स्टूल ओढलं तर हिंदुराव धावत आला. दोन भोकांच्या माणसाने वर चढायचं नाही म्हणाला आणि स्वतः चढला. आकडे काढले, शून्य अडकवलं. उतरताना खांबाला मिठी मारून उभा राहिला. डोळे मिटलेले. मी खालून विचारलं, काय झालं. काही नाही म्हणाला. त्याचं ते काही नाही मला ओळखीचं वाटलं. कॅन्टीनमध्ये बसवून खोदून खोदून विचारलं तेव्हा कबूल झाला. गेल्या गुरुवारी क्रेनचा हुक कानामागे लागला होता. तेव्हापासून मळमळतंय आणि रोज दोन गोळ्या चालल्यात.

उद्या सकाळी आठला त्याला स्कॅनला घेऊन जातोय. तो येत नाही म्हणतोय, ओव्हरटाइम आहे म्हणतोय, घरी कळवलंस तर जन्मात तोंड बघणार नाही म्हणतोय. मी त्याच्या बायकोला सांगून आलो.

तुझ्याच वळणावर गेलेला,
साहेबराव